निळ्या गाडीचा आवाज

बर्फगाडी अडली ती घर दिसत होतं अशा जागी, एवढीच काय ती नशिबानं साथ दिली. रावना नदी ओलांडून बर्चच्या झाडीपर्यंत पोचली होती. मागच्या घसरगाडीवर चाऱ्याची पोती बांधलेली होती. चढ लागला आणि गाडीच्या पोटात काहीतरी कडाडकन मोडलं. इंजिन चालूच राहिलं, तेच नेहमीचं, खालच्या पट्टीत घुमणारं. पण गाडी जागची हलेना. रावनानं अंगठ्यानं खटका दाबला, इंजिन मोठ्यानं घुमलं, नुसतंच घुमलं.

वर झाडीत रेनडिअर जनावरं कान पुढे करून उभी होती. आवाज जवळ का येत नाही हे त्यांना कळेना. शेवटी गब्बा निघाला. गब्बा म्हणजे पांढराशुभ्र खच्ची केलेला म्हातारा नर, पूर्वी तो तिच्या नवऱ्याची घसरगाडी ओढायचा. तो उतरला तशा त्याच्या मागून माद्या उतरल्या, पाडसं उतरली, आणि सगळी त्या न हलणाऱ्या गाडीभोवती जमली. रावनानं तिथंच पोती फाडली. जनावरं खाऊ लागली तेव्हा तिनं गाडीच्या निळ्या नाकावर हातमोजा थोपटला.

"एवढ्यात नको गं," ती म्हणाली. "वसंत तरी येऊ दे."

मग ती चालत घरी आली.

त्या वर्षीचा हिवाळाच खोटा होता. नाताळ होऊन गेल्यावर, थंडीनं झाडं तडकायला हवीत अशा दिवसांत पाऊस पडला, आणि मग सगळं गोठलं. बर्फावर काचेसारखा थर बसला. रेनडिअर खुरानं बर्फ उकरतं आणि खालचं दगडफूल काढून खातं. पण त्या थरावर खूर नुसते वाजायचे. जनावरं उकरून उकरून दमायची आणि मग नुसती उभी राहायची. उभं राहिलेलं जनावर पाहवत नाही. रावनाचा मुलगा नील्लास आणि सीडेतले, म्हणजे एकत्र कळप राखणाऱ्या घरांतले, बाकीचे पुरुष मोठा कळप घेऊन उत्तरेला गेले, तिकडे थर पातळ होता म्हणून. ज्यांच्यात तेवढं चालायचं त्राण नव्हतं ती रावनाजवळ मागे राहिली: म्हाताऱ्या माद्या, गेल्या वसंतातली पाडसं, आणि पोटात पुढचा वसंत घेऊन उभ्या असलेल्या गाभण माद्या. ती किती होती ते सांगत नाही. आमच्याकडे कुणाला त्याची जनावरं किती म्हणून विचारत नाहीत. बँकेत किती आहेत हे तरी कोण विचारतं?

त्यातल्या बहुतेकांच्या कानावर रावनाची स्वतःची खूण होती. आईकडून आलेली खूण, डाव्या कानाला टोकाशी दोन काप. नील्लासची खूण वेगळी, बापाकडची. म्हणजे ही जनावरं गेली की ती खूणही गेली.

चारा रोज पोचवायचा होता, आणि पोचवणारी गाडी उतारावर मेलेल्या घोड्यासारखी पडून होती.

शेजारचा हान्नो आपल्या जुन्या धुरकट गाडीनं निळीला ओढून अंगणात घेऊन आला. हान्नो रावनाच्याच वयाचा, जन्मभर एकटा, आणि दिवसातून एकदा तिच्याकडे कॉफी प्यायल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. त्यानं गाडीचा पत्रा काढून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"इंजिन ठणठणीत आहे," तो आतूनच म्हणाला. "पण चेनचा डबा फुटलाय. म्हणजे कसं, हिचा जीव शाबूत आहे, पाय गेलेत. तुझ्यामाझ्यासारखं."

"तुझ्यासारखं म्हण. मी आत्ता नदीपासून चालत आले."

"म्हणून तर कॉफी अजून झालेली नाही."

कॉफीत चीजचे तुकडे टाकून दोघं बसली. रावनाचं लक्ष खिडकीबाहेर होतं. त्या खिडकीतून तिनं काय काय पाहिलं होतं. ती लहान होती तेव्हा या गावात पहिली बर्फगाडी आली होती, तिच्या वडिलांचीच. अख्खं गाव अंगणात जमलं होतं. वडिलांनी दोरी ओढली, गाडी कर्कश ओरडली, निळा धूर निघाला आणि कुंपणातली जनावरं कुंपण मोडून पळाली. वडील हसत राहिले, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. मग हळूहळू ओढकामाची जनावरं कमी केली. एक तेवढं ठेवलं होतं, राखाडी, शांत. ते कितीतरी दिवस रोज सकाळी आपणहून येऊन घसरगाडीच्या दांडीशी उभं राहायचं, जुंपून घ्यायला. आई दारातून ते बघायची आणि आत निघून जायची. तिनं वडिलांना कधी काही म्हटलं नाही. म्हणून तरी काय झालं असतं?

त्या गाड्या सगळ्या टू-स्ट्रोक. आवाज असा की दातांत जायचा, आणि कपड्यांना वास. मग कितीतरी वर्षांनी फोर-स्ट्रोक निघाल्या आणि रावनाच्या नवऱ्यानं, इस्सातनं, ही निळी आणली. पहिल्या दिवशी तो अंगणातून फेरी मारून आला आणि म्हणाला, "ऐक. ही बोलते. ओरडत नाही." इस्सातला कमी बोलणारी माणसं आवडायची.

त्यानं त्याच दिवशी एक नियम केला. निळीनं फक्त चारा घालायचा. ज्या आवाजानं खायला घालायचं त्या आवाजानं जनावराला कधी हाकायचं नाही, आणि शरदात कत्तलीच्या कुंपणात तर मुळीच न्यायचं नाही. जनावरं मारू नयेत असं त्याचं म्हणणं नव्हतं, तो स्वतः सुरी चालवायचा. पण फसवायचं नाही. हाकायच्या दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर मागे बसायचा नाहीतर लांब लाकडी पट्ट्यांवर घसरत जायचा. लोक हसायचे. सीडेत बाकी सगळ्यांच्या गाड्या पिवळ्या झाल्या तरी त्यानं निळीच ठेवली. इस्सात गेल्यावर तो नियम रावनाकडे आला, जशी त्याची टोपी आणि त्याचा कॉफीचा पेला आला.

म्हणून त्या जनावरांच्या डोक्यात दोनच गाड्या होत्या. निळी म्हणजे खाणं. पिवळी म्हणजे पळा.

दुसऱ्या दिवशी हान्नोच्या गाडीवर बसून ती जवळच्या कौतोकैनो गावात मिह्कलच्या दुकानात गेली. मिह्कल तिच्या मैत्रिणीचा मुलगा, पूर्वी निळ्या विकायचा, आता पिवळ्या विकतो.

"मावशी, डबा मिळणार नाही असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण कधी मिळेल ते माझ्या हातात नाही. कंपनीनं बर्फगाड्या करायच्याच सोडल्या. सुटे भाग आता कुठल्या कुठून येतात. जहाजातून येतात की कासवाच्या पाठीवरून, देव जाणे."

"वसंताआधी?"

"उन्हाळ्यात आला तर फोन करतो."

"उन्हाळ्यात बर्फगाडी घेऊन काय करू? फुलझाडं लावू तिच्यात?"

मिह्कल हसला, पण लगेच तिला पिवळीकडे घेऊन गेला. हीसुद्धा फोर-स्ट्रोकच. धूर नाही, वास नाही. पेट्रोल निळीपेक्षा कमी. मागे जायला बटण. हँडल गरम होतं, मावशी, तुमची बोटं दुखतात ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अख्खी सीडा पिवळ्यांवर आहे. माळावर पट्टा तुटला, प्लग गेला, तर कुणाच्याही डब्यातून काढायचा नि लावायचा.

"आठवतंय ना, काका माळावर अडकले होते ते?"

रावनाला न आठवायला काय झालं. निळीचा पट्टा तुटला होता, इस्सातकडचा जादाचा संपला होता, आणि शेजारून गेलेल्या प्रत्येक पिवळीवाल्यानं आपला पट्टा लावून पाहिला होता. एकाचाही बसला नाही. वादळ संपेपर्यंत इस्सात तंबूत बसून राहिला होता. घरी आल्यावर म्हणाला, "झोप मस्त झाली." ती मात्र त्या दिवसांत खिडकीतून हलली नव्हती.

मिह्कलचं सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"हिचा आवाज ऐकव," ती म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली. आवाज वाईट नव्हता. जरा वरच्या पट्टीत, जरा घाईत. कोपऱ्यात उभा राहून हान्नो म्हणाला, "नील्लासच आल्यासारखं वाटलं."

"म्हणूनच नको," रावना म्हणाली. "माझ्या जनावरांनाही तसंच वाटेल."

"मावशी, जनावरांना विचारून कुणी गाडी घेतं का?"

"मग कुणाला विचारून घ्यायची? तुला?"

मिह्कलनं पिवळी बंद केली. शेवटी त्यानंच मार्ग काढला. दाखवायची गाडी आहे, घेऊन जा, वापरून बघा, आवडली तर ठेवा, नाही तर मी येऊन नेतो. रावनाला नाही म्हणायलाही जागा उरली नाही. कालच्या चाऱ्यानंतर तिच्या जनावरांच्या पोटात काही गेलं नव्हतं.

तिनं पिवळीला पोती जोडली आणि नदी ओलांडली. चढ लागायच्या आधीच तिला झाडीत हालचाल दिसली. तिनं गाडी हळू केली, अगदी चालायच्या वेगानं. पण वरून एक मादी निघाली, तिच्यामागे दुसरी, आणि मग सगळी झाडीच हलली. जनावरं डोंगराच्या धारेकडे पळत होती, त्या काचेसारख्या थरावरून, घसरत, पडत, उठत. गाभण माद्या पोट सावरत पळत होत्या. एक पाडसू थर फुटून पोटापर्यंत आत गेलं आणि पाय झाडत राहिलं. रावनानं गाडी बंद केली. ती ओरडली, "अगं मी आहे!" तिनं आपल्या आईसारखी हाक घालून पाहिली, लांब, गळ्यातून वर चढवत नेलेली. आईचा आवाज खोऱ्याच्या पलीकडे जायचा. रावनाचा झाडीपर्यंतही पोचला नाही, मध्येच खोकल्यात विरला.

गब्बा तेवढा थांबला. त्यानं वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तोही गेला.

रावनानं पाडसाला बर्फातून ओढून काढलं. त्याचे पाय फुटलेल्या थराच्या कडेनं कापले होते. तेही तिच्या हातातून सुटून पळालं. ती पोती तिथंच ओतून परत आली. संध्याकाळपर्यंत त्या चाऱ्यावर फक्त कावळे होते.

नील्लासचा फोन आला. त्याच्यामागे वारा आणि कुत्री ऐकू येत होती.

"आई, सवय होईल त्यांना. चार दिवस लागतील."

"आणि ते चार दिवस ती काय खातील?"

"मग मी काय करू सांग ना! मी इथून येऊ शकत नाही. इकडचाही थर वाढतोय."

"तू काही करू नकोस. मी नुसतं सांगितलं."

"आई..."

"जेवलास का?"

"जेवलो."

तो जेवला नव्हता, हे तिला कळलं. त्याला हेही कळलं की तिला कळलं. दोघांनी फोन ठेवला.

हान्नो आला तो रागावलेला. बाहेर त्यानं पिवळी पाहिली होती आणि तिच्या मागची रिकामी घसरगाडीही.

"असं कर," तो बूट झाडत म्हणाला. "त्या निळीलाच घसरगाडीवर बसव नवरीसारखी, आणि पिवळीनं वरात काढ. वाजंत्री चालू ठेव म्हणजे झालं. जनावरं जेवायला येतील. आणि वऱ्हाडी म्हणून मी!"

तो आपल्याच विनोदावर हसत बसला. रावना हसली नाही. तिनं पेला खाली ठेवला.

"हान्नो, तुझ्याकडे रुंद घसरगाडी आहे ना? लाकडं आणायची?"

हान्नोचं हसू तोंडातच राहिलं. "रावना. मी गंमत करत होतो."

"मला माहीत आहे. आहे ना?"

निळीला त्या घसरगाडीवर चढवायला त्यांना अख्खी सकाळ लागली. फळ्या लावून, दोर टाकून, पिवळीनं ओढून. हान्नो शिव्या देत होता, अगदी मनापासून. निळी वर बसली तेव्हा ती खरंच नवरीसारखी दिसत होती, दोरांनी बांधलेली, मान खाली घातलेली. रावनानं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि घुमू लागलं. पाय नसलेलं, पण तोच आवाज.

"कुणी बघितलं ना," हान्नो म्हणाला, "तर आपल्याला दोघांनाही म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन ठेवतील."

"मग तिथंच कॉफी पिऊ. चल."

पिवळी पुढे, मागे निळी, निळीच्या मागे पोत्यांची घसरगाडी, आणि त्यावर पोती धरून हान्नो. अशी ती वरात नदीवरून गेली. पिवळीचा आवाज होताच, तो कुठं जाणार? पण त्याच्या खालून तो दुसरा, जुना आवाज चालला होता. चढाच्या पायथ्याशी रावनानं पिवळी बंद केली. मग फक्त निळी उरली.

वर धारेवर एक पांढरा ठिपका उभा राहिला. गब्बा. त्यानं मान वाकडी केली. त्याला दिसत होती पिवळी, ऐकू येत होती निळी. रावनाला त्याची कीव आली. म्हातारपणी असं कोडं कुणाला घालू नये. तो दोन पावलं आला, थांबला, पुन्हा निघाला. त्याच्या मागून एक मादी. उतरायला त्यांना इतका वेळ लागला की हान्नोला बसल्या जागी थंडी भरली. पण ती आली. पुढच्या पायांवर रक्त सुकलेलं ते पाडसूही आलं, सगळ्यांत शेवटी.

हान्नो दुसरीकडे वळला. नाक पुसत राहिला. थंडीनं म्हणायचं.

मग रोज तसंच. मिह्कलचा फोन आला, गाडी न्यायला येऊ का? रावना खिडकीशी उभी होती. नको म्हणावं तर उद्या निळीला ओढणार कोण? हान्नोची धुरकट गाडी एवढा भार ओढायची नाही. हो म्हणावं तर इस्सातच्या अंगणात पिवळी कायमची आली. विचार करते म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "राहू दे. ठेवते मी." गाडी घ्यायचा निर्णय असा तिनं कधी घेतलाच नाही, तो फोनवर होऊन गेला. पैशांचं नील्लासनं बघितलं. म्हणाला, "शहाणी माझी आई." तिला ते शब्द टोचले. शहाणपण करायला दुसरी वाट होती कुठं?

पिवळी तिला आवडू लागली, हेही खोटं कशाला बोला. गरम हँडलवर तिची बोटं मोकळी व्हायची. मागे जायच्या बटणाचं तर तिला लहान मुलीसारखं कौतुक. कधी कधी अंगणात उगाचच ती गाडी मागे घ्यायची, आणि मग खिडकीतून इस्सात बघत असल्यासारखी चटकन थांबायची.

दिवस मोठे होऊ लागले. एका सकाळी नदीच्या मध्यावर निळीचं पेट्रोल संपलं. आदल्या दिवशी हान्नोनं भरलं असेल असं तिला वाटलं, तिनं भरलं असेल असं हान्नोला. निळी दोनदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि गप्प झाली. हान्नो त्या दिवशी आला नव्हता. रावनाला परत फिरायला हवं होतं. पण वर जनावरं वाट बघत होती. ती तशीच पुढे गेली, नुसत्या पिवळीच्या आवाजावर.

जनावरं आली.

धावत आली. धारेवरून, झाडीतून, माद्या, पाडसं, आणि सगळ्यांत पुढे गब्बा. त्यानं निळीकडे पाहिलंही नाही. पिवळीच्या नाकाला नाक लावून हुंगलं आणि पोत्यात तोंड घातलं.

रावना घसरगाडीच्या कडेवर बसली. जनावरं वाचली होती. आता डबा आला काय, नाही आला काय. तिला रडायला यायला हवं होतं, आनंदानं. आलंही. पण त्यात दुसरंच काही मिसळलेलं होतं, आणि ते काय ते तिला घरी पोचेपर्यंत नीट कळलं नाही: इस्सातच्या निळीची आता कुणालाच गरज उरली नव्हती.

निळी तशीच अंगणात राहिली, रुंद घसरगाडीवर. उतरवायची कशाला आणि कशी? रावनानं तिच्यात पेट्रोल मात्र भरून ठेवलं.

वसंताचं ऊन पडू लागलं, बर्फ दिवसा मऊ आणि रात्री कडक होऊ लागला. कळप समुद्राकडे न्यायचे दिवस आले. माद्या किनाऱ्याकडच्या कुरणांत वितात, त्यांना आतूनच निघायची ओढ लागते. नील्लास आणि सीडेतले पुरुष मोठा कळप घेऊन परत आले, घराच्या वरच्या माळावर. सगळे काळवंडलेले, ओठ फाटलेले. रावनाची जनावरं आता मोठ्या कळपात मिसळून हाकत न्यायची होती. नेहमीची पद्धत: गाड्या मागून आणि दोन्ही अंगांनी, आणि जनावरं आवाजापासून दूर, म्हणजे पुढे.

पिवळ्या मागून आल्या. मोठा कळप हलला, पाणी वाहावं तसा पुढे सरकला. आणि त्यातून रावनाची जनावरं उलटी फिरली. गर्दीतून वाट काढत, शिंगं आपटत ती गाड्यांकडे धावत सुटली. एका गाडीला गब्बा आडवा उभा राहिला. दुसरीच्या मागे चार माद्या लागल्या. नील्लासच्या गाडीभोवती तर कोंडाळंच झालं, पाडसं त्याच्या खिशात तोंड घालत होती.

"हट! अरे हट!" नील्लास हात हलवत ओरडत होता. "आई! हे काय शिकवून ठेवलंयस यांना?"

बाकीचे पुरुष हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "नील्लास, अरे तुलाच आई समजतायत ती!"

रावना उतारावर उभी होती. तीही हसली असती. पण कळप मध्येच दुभंगला होता, आणि निघालेल्या कळपाला असं थांबवणं बरं नसतं. तिला काही सुचेना.

नील्लासलाच सुचलं. त्यानं तिच्या पोत्यांतलं एक आणलं, गाडीच्या मागे बांधलं, खालच्या बाजूला फाडलं, आणि कळपाच्या पुढे गेला. चारा थोडा थोडा बर्फावर सांडत राहिला. गब्बा त्याच्यामागे लागला, त्याच्यामागे रावनाच्या माद्या, आणि त्यांच्यामागे मग सगळा कळपच निघाला, शांतपणे, एका रांगेत, कुणी न हाकता. रावनाच्या लहानपणी असंच जायचे. पुढे वडील दोरीला एक जनावर धरून, मागे सगळा कळप, आणि कुठं घाई नाही. हे दृश्य तिनं पुन्हा बघितलं. तिला वाटलं होतं आता ते या जन्मात दिसायचं नाही.

पोतं दुसऱ्याच्या पिवळीला बांधून देऊन नील्लास एक फेरी मारून तिच्यापर्यंत आला. चेहरा उजळला होता.

"आई, काय काम केलंस गं! असं कुणालाच जमलं नव्हतं. शरदात बघ आता. हाकायला नको, पळायला नको. पोतं बांधायचं नि पुढे जायचं. आपल्या पायांनी चालत कुंपणात येतील."

रावनाचे ओठ हलले. "तुझ्या बाबांचा नियम..."

"बाबांचा नियम निळीसाठी होता ना?" तो अगदी मायेनं म्हणाला. वाईट काहीच नव्हतं त्याच्या मनात. उरलेल्या हिवाळ्यात त्यानं किती जनावरं बर्फात पडलेली पाहिली होती, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की सोपं आहे म्हणूनच ते करू नकोस?

"जा," ती म्हणाली. "कळप लांब जातोय. टोपी नीट घाल."

त्यानं टोपी कानांवर ओढली आणि गेला.

हान्नो आज कॉफीला आला नव्हता. त्याला कळप जाताना बघवत नसे. रावना अंगणात आली. निळी घसरगाडीवर होती, दोर अजून बांधलेले. तिनं निळीच्या नाकावरचा बर्फ झटकला. किल्ली खिशात होती, हिवाळाभर तिथंच होती. तिनं ती लावली, पण फिरवली नाही.

कळप माळाच्या कडेला पोचला होता. सगळ्यांत पुढची जनावरं तिची होती, चालीवरून तिला ती ओळखू यायची. ती अखंड पिवळीच्या मागे चालली होती. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. आत्ता हा आवाज काढला तर काही वळतील, हे तिला ठाऊक होतं. गब्बा तर नक्कीच. मान वाकडी करून तो थांबेल, त्याच्यामागच्या माद्या थांबतील, काही परत धावतील, कळप फुटेल, आणि एवढ्या कष्टानं वाचवलेल्या माद्या समुद्राऐवजी वाटेतच बर्फावर वितील.

तिची बोटं किल्लीवर होती. थंडीनं ती वळेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. पांढरा ठिपका कडेवरून खाली उतरला आणि दिसेनासा झाला. पिवळ्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही नाही.

तिनं किल्ली काढून परत खिशात ठेवली.